सरांची सुटका

"तू सोडलास ना?" मी बिरूला विचारलं.

"काय, ताई?"

"सरांचा हात. तुझ्या दोन मांड्यांमध्ये होता, कोपर पूर्ण सरळ झालं होतं, आणि तू गुडघे उघडलेस. मी समोर उभी होते."

बिरूने दाराबाहेरच्या नळाखाली डोकं घातलं. उत्तर द्यायचं नसलं की तो हेच करायचा. "सर सुटलं की," तो पाण्याखालून म्हणाला.

"सुटले नाहीत. तू सोडलंस."

"आता तुमी म्हणताय तर असंल."

आत मॅटवर माझा धाकटा भाऊ अभिनंदन, म्हणजेच सर, बाकीच्यांना गोल बसवून आपण आत्ताच कसे सुटलो ते समजावून सांगत होता. "सगळं अंगठ्यात आहे. अंगठा जमिनीकडे वळवला की कोपर फिरतं आणि समोरच्याची पकड आपोआप ढिली पडते. बघितलं ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी बघितलं होतं. वजन कमी करायला येणारे दोशीकाका, ज्यांचं गणपती पेठेत चष्म्याचं दुकान होतं, ते तर म्हणाले, "अद्भुत." मग जोड्या पाडून सगळे एकमेकांवर अंगठ्याचा प्रयोग करायला लागले. कुणाचीही पकड ढिली पडली नाही. प्रत्येकाला वाटलं, आपलाच अंगठा चुकतोय.

अंगठा वळवून सुटण्याची एक खरी युक्ती आहे. पण ती कोपर सरळ व्हायच्या आधीची, आणि तिच्यात अंगठ्यापेक्षा बाकीच्या शरीराला जास्त काम असतं. हे मी त्या दिवशी दोघातिघांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि परत अंगठा वळवायला लागले. सरांचा अंगठा त्यांनी डोळ्यांनी बघितला होता, माझं नुसतं बोलणं होतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. सांगलीत तेव्हा ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हटलं की लोक हॉटेलातला पदार्थ समजायचे. अभिनंदनने औषध कंपनीतली नोकरी सोडली आणि बाबांचं मार्केट यार्डाजवळचं हळदीचं जुनं गोदाम मागून घेतलं. आम्ही ते धुतलं, परत धुतलं, मॅट टाकले. तरी सांध्यांतून पिवळी भुकटी वर यायची. आमचे पांढरे गी, म्हणजे या खेळाचे जाड सुती अंगरखे आणि पँटी, गुडघ्यांवर आणि पाठीवर कायमचे पिवळे झाले होते. आईचं वेगळंच. आम्ही जैन, घरात सूर्य मावळायच्या आत जेवण. क्लास त्यानंतर लगेच. त्यामुळे रोज संध्याकाळी भाकरी-आमटीने भरलेल्या पोटावर कुणीतरी गुडघा ठेवून बसायचं, आणि बहुतेक वेळा तो बिरूचा असायचा.

बिरू पुजारी जतकडचा. तालमीत वाढलेला, गुडघा दुखावल्यावर कुस्ती सुटली, यार्डात कामाला लागला आणि एक दिवस आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला सगळ्यात अवघड गेलं ते पाठ टेकणं. या खेळात पाठ टेकली म्हणून लढत संपत नाही. समोरच्याचा सांधा किंवा गळा असा पकडायचा की त्याला हार मानावी लागते. हार मानायची खूण म्हणजे हाताने दोनदा थाप मारणं, टॅप करणं. थाप पडली की त्या क्षणी सोडायचं. थाप पडेपर्यंत सोडायचं नाही. अख्खा खेळ या दोन वाक्यांवर उभा आहे, आणि आमच्या गोदामात दुसरं वाक्य एका माणसापुरतं रद्द झालं होतं.

तो माणूस सोडून हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या मंगळवारी क्लास संपल्यावर आम्ही दोघं मॅट पुसत होतो. जंतुनाशकाचं प्रमाण माझं, फडकं त्याचं.

"बिरूने तुला सोडलं," मी म्हटलं.

"मी सुटलो."

"अभि, मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तुझ्या कोपरावर किती भार होता ते मला दिसत होतं."

"तुला दिसत होतं. मला जाणवत होतं." त्याने फडकं पिळलं. "तुझं काय होतं माहितेय का पद्मा, तुला माझं काही चांगलं झालेलं चटकन पटत नाही. दहावीत गणितात मार्क पडले तेव्हाही तू पेपर परत तपासला होतास."

"तेव्हाही बेरीज चुकली होती."

"चार मार्कांनी!"

"रविवारी नेव्हिल सर येतायत," मी म्हटलं. "त्यांची पोरं सोडणार नाहीत."

तो पुढचा मॅट पुसायला लागला. नेव्हिल सर म्हापशाचे, ब्लॅक बेल्ट. अभिनंदन त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जाऊन शिकायचा. रविवारी ते आपले विद्यार्थी घेऊन पहिल्यांदाच सांगलीत येणार होते, अभिनंदनला त्यांच्याबरोबर लढवून बघणार होते, आणि मग ठरवणार होते की आमचं गोदाम त्यांच्या अकादमीची शाखा होणार की नाही. शाखा झाली नाही तर आमच्या मुलांना पट्टे मिळणार नव्हते. बिरू तीन वर्षं पांढरा पट्टाच बांधत होता. कोल्हापुरात नवीन जिम निघाली होती, तिथे पट्टे मिळत होते, आणि आमची निम्मी मुलं तिकडच्या बसचं वेळापत्रक विचारायला लागली होती. अभिनंदनला स्वतःला जांभळ्यावरून तपकिरी पट्टा मिळेल अशीही आशा होती. ती तो बोलून दाखवायचा नाही, पण आरशासमोर पट्टा बांधताना मला दिसायची.

मला पट्ट्यापेक्षा त्याच्या कोपराची जास्त काळजी होती. ज्याला वर्षानुवर्षं कुणी सोडून देतंय, त्याला थाप मारायची वेळ कधी येते हे कळेनासं होतं. तो वाट बघत बसतो.

गुरुवारी मी मुलांना क्लासआधी बाहेर गाठलं.

"आज सरांना कुणी सोडायचं नाही. पकडलं तर पकडलं."

बिरू जमिनीकडे बघत होता. "ताई, वस्तादाचा हात मोडायचा असतोय व्हय?"

"मोडायचा नाही. ते थाप मारतील."

"वस्ताद थाप मारत्यात?"

"मारायला पाहिजे!"

"आमच्या तालमीत न्हाई बघितलं कधी."

शाहिद मुजावर माझा जुना विद्यार्थी. आता मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचा. त्याच्याकडून तरी माझी अपेक्षा होती. "शाहिद, मागच्या आठवड्यात सरांचा गळा तुझ्या हातात होता. का सोडलास?"

"मॅडम, मला वाटलं सर डेमो देतायत."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही तसंच वाटलं."

"आज डेमो नाही. आज पकड सोडायची नाही. एवढं जमेल?"

"जमेल, मॅडम," शाहिद म्हणाला. तो कॉलेजातही असंच म्हणायचा, आणि प्रयोगाची निरीक्षणं पुस्तकातलं उत्तर बघून उलटी लिहायचा.

त्या संध्याकाळी शाहिदने पाठीमागून सरांचा गळा पकडला. पकड चांगली होती. अभिनंदनचा चेहरा लाल होत गेला. शाहिदने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सोडू नकोस. त्याने खरंच सोडलं नाही. त्याने स्वतःच मॅटवर दोनदा थाप मारली.

गळा दुसऱ्याचा धरलेला, आणि थाप स्वतःची. मी असं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"छान," अभिनंदन मान चोळत म्हणाला. "पण तू लवकर टॅप केलंस. घाबरायचं नाही."

"हो सर."

बिरूने त्या दिवशी त्याहून सोपा मार्ग काढला. त्याने सरांना पकडायचंच टाळलं. एवढा पैलवान गडी, पण सहा मिनिटं मॅटवर असा फिरत राहिला जसं काही त्याचं पाकीट हरवलंय.

मी घरी येऊन आईला म्हटलं, "हे सगळे वेडे आहेत."

"मग तू कशाला जातेस?" आई म्हणाली. "आणि उद्या लवकर जेवा. काल अभिच्या पोटात दुखत होतं."

शनिवारी, नेव्हिल सर यायच्या आदल्या दिवशी, मी ठरवलं की हे काम माझं मीच करायचं. मी अभिनंदनपेक्षा हलकी, पट्टा निळा, म्हापशात मिळालेला, पांढऱ्याच्या एकच पायरी वर. पण मला घाई नसते, आणि दोन गोष्टी मला चांगल्या जमायच्या. त्यातली एक कॉलरची पकड. पाठीवर पडून समोरच्याला पायांमध्ये घ्यायचं, दोन्ही हात त्याच्या गीच्या कॉलरमध्ये खोलवर घालायचे आणि मनगटांच्या कडा मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांवर टेकवायच्या. श्वास बंद होत नाही, मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं. ज्याला हे होतं त्याला फारसं दुखत नाही, म्हणूनच तो वाट बघत बसतो.

माझे हात अभिनंदनच्या कॉलरमध्ये बसले. मुलं भिंतीला टेकून बघत होती. अभिनंदनला मुलं बघत असली की शिकवल्याशिवाय राहवायचं नाही.

"आता बघा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पद्माताईंची ही पकड धोक्याची आहे. पण इथे गडबडायचं नाही."

मी कोपरं जवळ घेतली.

"शांत राहायचं."

"टॅप कर, अभि," मी हळूच म्हटलं.

"शांत राहायचं आणि हनुवटी..."

त्याचं अंग माझ्यावर सैल पडलं. मी लगेच हात काढले, त्याला कुशीवरून पाठीवर घेतलं आणि त्याचे पाय उचलून धरले. तो घोरत होता. असं होतं आणि काही क्षणांत माणूस शुद्धीवर येतो हे मला माहीत होतं, तरी ते काही क्षण मला फार लांब वाटले. मग त्याने डोळे उघडले.

"...आत घ्यायची," तो म्हणाला. छताकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. हात त्याच्या गळ्याशी नव्हते. तो उठून बसला. "बघितलं? सुटलो."

"अद्भुत," दोशीकाका अगदी बारीक आवाजात म्हणाले.

मला रडू येतंय की हसू हे मला कळेना. माणसाला बेशुद्ध केलं तरी तो सुटतो, तर यापुढे मी काय करायचं होतं? तो पुन्हा बोलायला लागला, हनुवटी कशी आत घ्यायची, खांदे कसे वर घ्यायचे. मुलं माना डोलवत होती. शाहिद तर स्वतःची हनुवटी आत घेऊन बघत होता.

"न्हाई, सर," बिरू म्हणाला.

"काय नाही?"

बिरू उठून उभा राहिला. त्याच्या आसपास नळ नव्हता. "सुटला न्हाई. झोपला हुता तुमी. घोरत बी हुता."

अभिनंदन हसला. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बिरूचं खरं आहे अशी मी मान डोलावली.

"आणि मंगळवारी?" त्याने बिरूला विचारलं. "तो हात?"

"सोडला हुता."

"त्याच्या आधीचे?"

बिरूने दाराबाहेरच्या नळाकडे पाहिलं.

"शाहिद?"

"सर, मला वाटायचं तुम्ही डेमो देताय."

"दोशीकाका, तुम्ही?"

"मी तुम्हाला कधी पकडलंच नाही, सर," दोशीकाका म्हणाले. "मी तर कुणालाच कधी पकडलं नाही."

अभिनंदन गुडघ्यांवर बसून होता. बराच वेळ तो आपल्या पट्ट्याची गाठ सोडत आणि बांधत राहिला. मला वाटलं, आता तो उठून निघून जाईल, आणि मग उद्या नेव्हिल सरांना बंद दार दिसेल. मला त्याची दया आली आणि रागही आला, कारण बारा जणांनी मिळून त्याला प्रेमाने एवढं आंधळं करून ठेवलं होतं, आणि तो ते खुशाल करून घेत आला होता.

"आज का सांगतोयस?" त्याने बिरूला विचारलं.

"उद्या गोव्याची पोरं सोडणार न्हाईत, सर. त्यांचं तुमी कोण लागता?"

अभिनंदनने गाठ घट्ट केली. "ये," तो म्हणाला.

बिरूने त्याचा हात पकडायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. कोपर सरळ झालं. बिरूचा चेहरा असा होता जणू हात त्याचाच अडकलाय. पण गुडघे त्याने मिटलेले ठेवले. अभिनंदनने अंगठा वळवला. काही झालं नाही. मग त्याने बिरूच्या मांडीवर दोनदा थाप मारली.

"परत," तो म्हणाला.

ती संध्याकाळ अशीच गेली. बिरू, मग शाहिद, मग परत बिरू. थापा पडत होत्या. अभिनंदन प्रत्येक थापेनंतर विचारायचा, "कुठे चुकलो?" आणि पहिल्यांदाच त्याला खरी उत्तरं मिळत होती. "सर, तुम्ही कोपर फार लांब ठेवता." "सर, मान वर राहते." एकदा तो बिरूच्या पकडीतून खरोखर सुटला, अगदी सुरुवातीलाच, कोपर सरळ व्हायच्या आत. सगळ्यांनी ते पाहिलं.

मी भिंतीपाशी समाधानाने बसले होते.

"शाहिद," अभिनंदन धापा टाकत म्हणाला, "आता पद्माताईंबरोबर."

मी उठले. शाहिदच्या आर्मबारमधून, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या त्या पकडीतून, मी नेहमी सुटायचे. मला चांगली जमणारी दुसरी गोष्ट ती हीच. मी तरफेचा नियम वापरायचे, टेकू बदलायचे. त्या दिवशीही मी टेकू बदलला. शाहिदने सोडलं नाही. मी परत बदलला. कोपरातून कळ गेली आणि मी थाप मारली.

शाहिदने लगेच सोडलं आणि उठून बसला. "मॅडम," तो अतिशय सौजन्याने म्हणाला, "ते तुम्ही रोज जे सुटता ना..."

"कळलं," मी म्हटलं.

"म्हणजे आम्ही सगळेच..."

"शाहिद, कळलं."

अभिनंदन भिंतीला डोकं टेकवून हसत होता. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू होतं, आणि ते माझ्यावर होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. कोपर दुखत असल्यामुळे मी तो पुढे ढकलला.

रविवारी सकाळी नेव्हिल सर आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, आवाज मऊ. दारातच त्यांनी आमच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "सगळ्यांना यलो बेल्ट दिला की काय रे?" ते आपल्या गोव्याच्या मराठीत म्हणाले. मी हळदीचं सांगितलं. त्यांनी मॅटच्या सांध्यावर बोट फिरवून ते हुंगलं.

त्यांच्याबरोबर आलेल्यांत कायतान नावाचा एक उंच मुलगा होता. अभिनंदनची दुसरी लढत त्याच्याशी लागली. मध्यावर कायतानने त्याचा हात ओढून घेतला, पाय छातीवर टाकले आणि मागे झोकून दिलं. कोपर सरळ झालं. मी भिंतीपाशी उभी होते. अभिनंदनच्या चेहऱ्यावर मला ती ओळखीची शांतता दिसली, वाट बघणाऱ्या माणसाची. कायतान त्याला काही लागत नव्हता. तो कंबर उचलत चालला होता.

थाप पडली. स्पष्ट, दोनदा.

मी श्वास सोडला. बिरूही माझ्या शेजारी उभा होता, त्याचाही सुटलेला मला ऐकू आला.

त्या सकाळी अभिनंदन दोनदा जिंकला आणि बाकी सगळ्या वेळी हरला. शेवटी नेव्हिल सरांनी त्याला बाजूला घेतलं, पण गोदाम लहान होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"इथे तुला शेवटचं कोणी टॅप करायला लावलं?"

"काल, सर," अभिनंदन म्हणाला. त्याने बिरूकडे आणि शाहिदकडे हात केला. मग माझ्याकडेही. "हिने तर झोपवलं."

"आणि त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी कुणी नाही, सर. हे मला सोडून द्यायचे."

नेव्हिल सर मोठ्याने हसले नाहीत, पण त्यांचं टक्कल जरा लाल झालं. "मलासुद्धा द्यायचे," ते म्हणाले. "आठ वर्षां. मग साओ पावलोत एकान माझो खांदो काढलो." त्यांनी तो खांदा एकदा फिरवून बघितला. "ब्राउन आज नाही रे. पुढच्या वर्षी बघू. बोर्ड लाव तू माझ्या नावाचा."

अभिनंदनने मान डोलावली. ब्राउन ऐकताना त्याचा चेहरा पडला होता, बोर्ड ऐकताना तो सावरायला बघत होता, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं.

मग नेव्हिल सरांनी आमच्या मुलांना लढवलं आणि बॅगेतून निळे पट्टे काढले. बिरूचा पट्टा त्यांनी अभिनंदनच्या हातात दिला. "तुझा मुलगा. तू बांध."

अभिनंदनने बिरूचा पांढरा पट्टा सोडला, जो आता पांढरा राहिलाच नव्हता, आणि निळा बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोशीकाकांनी डोळे पुसले. बिरू दोन पावलं मागे सरला आणि सरांच्या पाया पडायला वाकला. अभिनंदन संकोचून सरळ उभा राहिला आणि आशीर्वादासाठी त्याने हात वर केला.

बिरूचे दोन्ही हात सरांच्या पावलांपर्यंत गेले. मग ते पोटऱ्यांमागे गेले. तालमीत शिकलेला पट त्याने खांद्याच्या एका धक्क्याने असा काढला की अभिनंदनचा हात हवेत तसाच राहिला आणि तो पाठीवर मॅटवर आला. डोकं आपटलं नाही, एवढं मी पाहून घेतलं. बिरू त्याच्या अंगावर चढला, हात पकडला, पाय टाकले आणि मागे झुकला.

नेव्हिल सर कंबरेवर हात ठेवून बघत होते. मुलांच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"बिरू," अभिनंदन खालून म्हणाला, "अरे, फोटो काढायचाय."

बिरूने गुडघे आणखी जवळ आणले.

अभिनंदनने थाप मारली, दोनदा. मगच बिरूने सोडलं.